नागपूर–राजनांदगावची गाडी आणि एक लहानसं पुस्तक

आजचं वाचन: मत्तय ६:१९–३४. सोबत २ करिंथ ११:३ हेही वाचावं.



करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाला एक काळजी लागली होती. ही माणसं फसतील, ख्रिस्तावर जी साधी, सरळ, एकनिष्ठ प्रीती आहे तिच्यापासून त्यांची मनं हळूहळू दुसरीकडे ओढली जातील, अशी ती काळजी. आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू आपल्याला पाखरं आणि रानातली फुलं दाखवतो. हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचले की मला दर वेळी एकाच माणसाची आठवण येते. आपल्या गोंदियाशी त्यांचं नातं आहे, पण ते फार कमी जणांच्या ध्यानात येतं. म्हणून आज वचनाचं विवेचन थोडं बाजूला ठेवून त्यांचं चरित्र सांगतो.

ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळक म्हटलं की बाहेरच्या लोकांना लोकमान्यच आठवतात. आपल्या उपासनेत मात्र गीताच्या खाली ना. वा. टिळक हे नाव इतक्या वेळा असतं की आपण ते वाचायचंही सोडून दिलंय.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला, चित्पावन ब्राह्मण घरात झाला. वडील कडक स्वभावाचे. आई जानकीबाई भक्तिभावाची, तिच्याकडून मुलाला कवितेची गोडी लागली. पण आई लवकर गेली आणि तिच्याबरोबर घराची ऊबही गेली. पुढे मुलगा नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. थोडं इंग्रजी शिक्षणही झालं, पण शाळा पुरी झाली नाही. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं. ती अकरा वर्षांची होती. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं. तीच आपली लक्ष्मीबाई टिळक, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी.

लग्नानंतरची दहा-बारा वर्षं म्हणजे नुसती भटकंती. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी पुराण सांगणारे, परवा आणखी कुठे. बुद्धी तल्लख, कविता हातातून वाहायची, पण पाय एका जागी ठरत नव्हते. डोकं तापट होतं. घरी न सांगता निघून जायचे आणि बायको माहेरी, नाहीतर कुणा नातेवाइकाकडे. लक्ष्मीबाईंनी हे सगळं पुढे स्वच्छ लिहून ठेवलंय. नवऱ्यावर त्यांचं अपार प्रेम होतं, पण त्याचा राग, त्याचा विसराळूपणा, त्याची उधळपट्टी यातलं त्यांनी काही झाकलं नाही. मला ते फार बरं वाटतं. आपल्याकडे साक्षी सांगताना देवमाणसांना इतकं घासूनपुसून उभं करतात की ती माणसंच वाटत नाहीत.

फिरत फिरत टिळक नागपूरला आले. तिथे आप्पासाहेब बुटी या धनवान गृहस्थांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. नागपुरात त्यांचं नाव झालं, विद्वान म्हणून मान मिळू लागला. पण मनात वेगळंच चाललं होतं. देशाची दुर्दशा बघून जीव तुटायचा. जातीजातीत फाटलेला समाज एक कसा होईल, हा प्रश्न पाठ सोडत नव्हता. चालत्या धर्मात उत्तर दिसेना, तेव्हा आपणच एक नवा धर्म काढावा असं त्यांच्या मनाने घेतलं. त्याची तत्त्वंही त्यांनी ठरवली होती. जगाला एकच निर्माणकर्ता, सगळी माणसं भावंडं, अशा धर्तीची. म्हणजे बघा, हा माणूस धर्म शोधत नव्हता, तो धर्म बांधायला बसला होता!

आणि मग ती गाडी आली.

१८९३ साल. नागपूरचं काम सुटलं होतं आणि टिळक राजनांदगावला निघाले होते. राजनांदगाव त्या वेळी संस्थान होतं, वैष्णव बैराग्यांच्या गादीचे महंत तिथले राजे. आता नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे कोणती, हे आपल्याला कुणी सांगायला नको. भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, पुढे दरेकशाचं जंगल आणि डोंगरगढ. दुसरी वाट तेव्हाही नव्हती. आपण ज्या रुळांवरून लोकलने तिरोड्याला नाहीतर आमगावला जातो, त्याच मार्गाने ते गेले.

डब्यात एक गोरा माणूस होता. त्या काळी गोरा साहेब आणि आपला माणूस एका डब्यात म्हणजे बहुतेक वेळा अपमानच ठरलेला. पण या साहेबाने सरकून जागा दिली, अदबीने बोलणं काढलं. टिळक विद्वान आहेत हे कळल्यावर संस्कृत काव्याबद्दल विचारलं. बोलता बोलता ख्रिस्ताचा विषय निघाला. वाद झाला नाही. टिळकांच्या धर्माला नावं ठेवली गेली नाहीत. शेवटी साहेबाने नव्या कराराचं एक पुस्तक त्यांच्या हातात दिलं, वाचायचं वचन घेतलं, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना त्या वेळी ते अगदी अशक्य वाटलं. दोघांनी एकमेकांची नावं विचारली नाहीत. गाडीतली ओळख गाडीतच राहिली.

तो माणूस अर्नेस्ट वॉर्ड होता, फ्री मेथडिस्ट मिशनरी. हे टिळकांना पुष्कळ नंतर कळलं. वॉर्ड आणि त्यांची पत्नी फीबी हे अमेरिकेहून १८८१ मध्ये हिंदुस्थानात आले आणि बऱ्हाणपूर, पुढे वऱ्हाडच्या बाजूला त्यांनी काम केलं. मोठमोठ्या सभा गाजवणाऱ्यांत त्यांचं नाव कुणी घेत नाही. डब्यात शेजारी बसलेल्या माणसाशी नीट बोलणं आणि खिशातलं पुस्तक देणं, इतकंच त्यांनी त्या दिवशी केलं. मराठी ख्रिस्ती मंडळी आज जी गीतं गाते त्यातली कितीतरी त्या एका प्रवासातून आली, हे मनात आलं की मी थोडा थांबतो. पत्रिका छापणं, लाउडस्पीकर, मांडव, स्टेज यांवर आपण किती बोलतो!

राजनांदगावला टिळकांनी वचन पाळलं. पुस्तक वाचायला घेतलं, हातात पेन्सिल. खुणा करत वाचायची त्यांची सवय होती. सुरुवातीला काही मन रमेना. वंशावळीत कुणाचं रमतं? पण पाने उलटता उलटता मत्तयाचा पाचवा अध्याय आला. डोंगरावरचं प्रवचन. तिथे ते अडकले. जे धर्माचे प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं घोळवले होते, ज्यांच्यासाठी पोथ्या पालथ्या घातल्या होते, त्यांची उत्तरं या तीन अध्यायांत सरळ, लहान मुलालाही कळतील अशी सांगितलेली होती. शत्रूवर प्रीती कर. गुप्तपणे दान दे. उद्याची चिंता करू नको. स्वतःचा नवा धर्म काढण्याची गरजच उरली नाही. जो धर्म ते बांधू पाहत होते तो बांधून, राहता करून ठेवलेला होता, आणि त्यात राहणारा एकजण जिवंत होता.

आजचा सहावा अध्याय वाचताना हे ध्यानात ठेवा. आपण तो लहानपणापासून ऐकलाय, म्हणून तो आपल्याला गुळगुळीत लागतो. राजनांदगावात बसलेल्या त्या तीस-बत्तीस वर्षांच्या शास्त्र्याला तो पहिल्यांदा भेटला होता.

आता इथे कुणी म्हणेल, झालं, साधा विश्वास सापडला, पुढे सगळं सोपं. अजिबात नाही. पुढची दोन वर्षं त्यांची झोप उडाली. ख्रिस्ती लोकांशी पत्रव्यवहार केला, तोही चोरून. मन वळलं होतं, पण समोर काय वाढून ठेवलंय ते दिसत होतं. ब्राह्मणाने बाप्तिस्मा घ्यायचा म्हणजे तेव्हा जात गेली, नोकरी गेली, वडील, भाऊ, मित्र गेले, आणि बायको-मूलसुद्धा. मुलगा दत्तू लहान होता. तरी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो एका हिंदी पाळकाच्या हातून घेतला, गोऱ्या साहेबाच्या नव्हे. वॉर्डसाहेबांची दोन वर्षं अजून भरायची होती की नुकती भरली होती, एवढाच हिशेब.

लक्ष्मीबाई तेव्हा नातेवाइकांकडे. बातमी आली आणि त्यांच्यावर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, पण मेल्यासारखा. लोक सांत्वनाला येत, टोमणेही मारत. त्या आजारी पडल्या. पाच वर्षांच्या जवळपास नवराबायको वेगळे राहिले.

इथे मला स्पष्ट बोलू द्या. टिळकांचा साधा विश्वास टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंना महाग पडला. निर्णय त्यांचा, शिक्षा तिला. जो प्रभूसाठी घरदार सोडील त्याला शतपट मिळेल हे वचन आपण मंचावरून मोठ्याने सांगतो, पण ज्यांना सोडलं जातं त्यांचं काय, हे कुणी विचारत नाही. टिळकांनी ते विचारलं, असं मला त्यांच्या पुढच्या वागण्यावरून वाटतं. ते पत्रं पाठवत राहिले, वाट पाहत राहिले. दुसरं लग्न करून मोकळे झाले नाहीत. आणि पुढे लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्यांचं सोवळं, त्यांची वेगळी चूल, वेगळं पाणी, सगळं टिळकांनी चालवून घेतलं. तू ख्रिस्ती हो म्हणून हात धरून ओढलं नाही. तापट माणसाने इतका धीर धरला, हाच मला त्यांच्या पालटाचा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो.

लक्ष्मीबाई कशा बदलल्या? कुणी त्यांना धर्मशास्त्र शिकवलं नाही. शिवाशिवीचं ओझं वाहता वाहता त्यांच्याच मनाला एक दिवस लख्ख कळलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, त्या माणसांनी केल्या. त्याने केल्या असत्या तर गाईम्हशींसारखी वेगवेगळी शरीरं दिली असती. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवलं. १९०० साली अहमदनगरला त्यांचा बाप्तिस्मा झाला, दत्तूचाही. धड अक्षरओळख नसलेल्या या बाईने पुढे मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिलं, तेही स्वयंपाकघरात बोलतो तशा भाषेत.

अहमदनगरला टिळक अमेरिकन मिशनच्या धर्मविद्यालयात शिकवत होते. डॉ. ह्यूम तिथले प्रमुख. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे ते संपादक झाले. पगार चांगला होता, पण घरात टिकत नव्हता. कुणी भुकेला भेटला की त्याला घेऊन घरी. कुणाचं पोर अनाथ झालं की तेही घरी. कवी बालकवी ठोंबरे असेच त्यांच्या घरात मुलासारखे राहिले. दुष्काळ, प्लेग, सगळं त्या काळात आलं, आणि प्लेगच्या साथीत या दोघांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. हातात पैसे दिले की ते घरी पोचतील याची खात्री नसायची, म्हणून संसाराची दोरी लक्ष्मीबाईंनी धरली. पुन्हा तेच. उद्याची चिंता न करणाऱ्याच्या घरात उद्याचं पीठ कुणीतरी मोजावंच लागतं. मत्तय ६ वाचणाऱ्या पुरुषांनी हे जरा लक्षात घ्यावं, असं मी मुद्दाम लिहितो.

टिळकांच्या साधेपणाची दुसरी बाजू मंडळीच्या जीवनात दिसते. त्या काळी आपल्या उपासनेत गायल्या जाणाऱ्या गीतांपैकी बरीचशी इंग्रजीची भाषांतरं होती. चाल विलायती, शब्द मराठी, दोघांचं जमत नव्हतं. नवीन ख्रिस्ती झालेला माणूस पोशाख, नाव, टेबलखुर्ची यांतही साहेबासारखा दिसू लागला की गावाला वाटायचं, हा आपला राहिला नाही. टिळकांना हे सगळं वरचं ओझं वाटलं. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, टाळमृदंगावर कीर्तनं केली, लोकांत मांडी घालून बसून ख्रिस्त सांगितला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो, हे ते उघड मान्य करायचे, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांनी शेकडो गीतं रचली. ‘उपासना संगीत’ उघडलं की पानोपानी ते भेटतात.

आपल्या झाडीपट्टीत याचा अर्थ सांगावा लागत नाही. इथला माणूस मंडईत रात्रभर दंडार बघतो, भजनात टाळ घेऊन बसला की उठत नाही. त्याला कीबोर्ड आणि ड्रमसेट आणल्याशिवाय देवाची स्तुती होत नाही असं आपण का शिकवतो, हे मला अजून समजलेलं नाही. एखाद्या गावच्या घरगुती प्रार्थनेत आठ-दहा माणसं चटईवर बसून, एक ढोलकी नि दोन झांजा घेऊन टिळकांचं भजन म्हणतात तेव्हा त्यात काही उणं असतं का?

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी शेवटचं ओझं उतरवलं. मिशनची नोकरी सोडली, ठरलेला पगार सोडला. संन्यास घेतला, पण घर आणि बायको सोडून रानात जाण्याचा संन्यास नव्हे. साताऱ्याला राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्तावर प्रीती करणाऱ्या सगळ्यांची एक बंधुता, बाप्तिस्मा झालेल्यांची आणि न झालेल्यांचीही. पैशाची हमी नाही, पदव्या नाहीत, गुरू एकच.

हा दरबार सगळ्यांना पटला नाही, आणि मलाही तो पूर्ण पटतो असं म्हणणार नाही. बाप्तिस्मा बाजूला ठेवता येतो असा त्याचा अर्थ कुणी काढला तर ते चूक होईल. टिळकांनी स्वतः बाप्तिस्म्याची किंमत मोजली होती, त्यांना तो स्वस्त वाटत नव्हता. पण त्यांच्या नजरेसमोर ती माणसं होती जी राजनांदगावच्या त्यांच्यासारखी उंबरठ्यावर उभी होती, मनाने प्रभूची झालेली, पण पुढचं पाऊल टाकायला घाबरणारी. अशी माणसं आपल्याही ओळखीची आहेत. रविवारी मागच्या बाकावर येऊन बसतात आणि शेवटचं गीत सुरू झालं की हळूच निघून जातात. त्यांना बसायला जागा कुठे द्यायची, हा टिळकांचा प्रश्न होता. त्याचं माझं उत्तर त्यांच्याहून वेगळं असेल, पण प्रश्न विचारायला त्यांनी वय, पगार, प्रतिष्ठा पणाला लावली.

दरबाराला पुरती दोन वर्षंही मिळाली नाहीत. प्रकृती ढासळली. त्यांना मुंबईला नेलं आणि ९ मे १९१९ ला जे. जे. रुग्णालयात ते प्रभूकडे गेले. मागे इस्टेट नव्हती. १९०९ मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूच्या जीवनावरचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं, त्याचे साडेदहा अध्याय तेवढे झाले होते. पुढचं लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. ज्या बाईला या माणसाच्या बाप्तिस्म्याची बातमी ऐकून जगणं नकोसं झालं होतं, तिने चौसष्ट अध्याय लिहून ते पुरं केलं.

उद्याचं वाचन: मत्तय ७. शक्य असेल त्यांनी आज रात्री पाच, सहा, सात हे तिन्ही अध्याय एका बैठकीत, पेन्सिल हातात घेऊन वाचावेत. वीस मिनिटं पुरतात.